जुनी कार घेताय? आधी तिच्या तपासणीचा माग काढा: खान्देशातल्या खरेदीदारासाठी सविस्तर मार्गदर्शन

कापसाचे किंवा केळीचे पैसे हाती आले, आखाजी (अक्षय तृतीया) किंवा दसरा जवळ आला, की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत जुन्या चारचाकीची विचारपूस वाढते. गाडी बघायला चौघं जण जातात. बॉनेट उघडलं जातं, इंजिनचा आवाज ऐकला जातो, गावाबाहेर एक फेरी होते. कागदांचं मात्र एवढंच विचारलं जातं, "कागद क्लिअर आहेत ना?" समोरचा "एकदम क्लिअर" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं उलट आहे. दहा-बारा वर्षांची गाडी असेल तर पहिले दोन दिवस कागदांना द्या आणि तिसऱ्या दिवशी गाडी बघायला जा. धुळ्यातले एक जुने मिस्त्री गिऱ्हाइकाला अहिराणीत हेच सांगतात, "पहिले कागद देखा भाऊ, गाडी मंग."

याचं कारण आपल्या कायद्यातच आहे. खासगी कारची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी होते. या १५ वर्षांत पीयूसी (धुराची तपासणी) सोडली तर सरकारी तपासणीसाठी गाडी कुठेही उभी करावी लागत नाही. काही देशांत दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचा सगळा इतिहास एका जागी वाचता येतो, तसं आपल्याकडे नाही. त्यामुळे "पासिंग २०२८ पर्यंत आहे" हे वाक्य ऐकून समाधान मानू नका. पासिंग बाकी आहे याचा अर्थ गाडी कुणी तपासली असा होत नाही, पंधरा वर्षं अजून भरली नाहीत एवढाच होतो.

पण गाडीची तपासणी वेगवेगळ्या निमित्तांनी होतच असते. पीयूसी सेंटरवर होते, विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर होते, सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर होते, गॅसच्या टाकीच्या टेस्टला होते, टॅक्सी असेल तर फिटनेसला होते. प्रत्येक वेळी कुठे तरी तारीख पडते, कधी किलोमीटरही लिहिले जातात. या विखुरलेल्या नोंदी एका कागदावर तारखेप्रमाणे उतरवायच्या, एवढंच काम आहे. शेत घेताना आपण नुसता आजचा सातबारा बघत नाही, मागचे फेरफारही काढतो, तसंच हे.

एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा: तारीख, किलोमीटर, कशावरून कळलं. पुढचं सगळं या पानासाठी आहे.

गाडी बघायला निघण्याआधी: नंबर मागून घ्या

फोनवर पहिलं काम म्हणजे पूर्ण नंबर मागणं. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडे जाण्यात पेट्रोल घालवू नका.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर मोबाईल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला, की नोंदणीची तारीख, कोणतं आरटीओ कार्यालय, इंधन, वाहनाचा वर्ग, नोंदणी किंवा फिटनेस कधीपर्यंत, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, अशी माहिती दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं. मालकाने स्वतःच्या मोबाईलवर एम-परिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी (नोंदणीपत्र) उघडली तर सगळं स्पष्ट दिसतं, म्हणून भेटीत त्याला ते उघडून दाखवायला सांगा. प्लास्टिकचं स्मार्ट कार्ड जुनं असू शकतं. ते छापल्यानंतर बदललेल्या नोंदी त्यावर नसतात.

इथे काय बघायचं? आरसी चालू अवस्थेत आहे ना, काळ्या यादीत नोंद नाही ना, दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी (ना हरकत दाखला) आधीच काढलेली नाही ना. मालक कितवा हेही पाहा. विकणारा "सिंगल हँड" म्हणत असेल आणि नोंदीत तिसरा मालक असेल, तर पुढची बोलणी करण्याची गरज उरत नाही. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. डिसेंबर २०१२ ची गाडी मे २०१३ मध्ये नोंदली गेली असेल तर तिला "तेराचं मॉडेल" म्हणून तेराचा भाव देऊ नका.

एमएच १८ धुळे, एमएच १९ जळगाव, एमएच ३९ नंदुरबार. आपल्याकडे यांच्याशिवाय एमएच १५ नाशिक, एमएच २० छत्रपती संभाजीनगर, एमएच १२ पुणे या पासिंगच्या गाड्या भरपूर येतात. नवापूरकडून जीजे आणि रावेर-शिरपूरकडून एमपी पासिंगच्याही येतात. बाहेरच्या पासिंगची गाडी वाईट असते असं नाही. फक्त तिचा माग काढायला फोन जास्त करावे लागतात आणि राज्याबाहेरची असेल तर खर्चही वाढतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

चलानं बघायची राहून जातात. ई-चलानच्या संकेतस्थळावर नंबर टाकून थकबाकी पाहा. चलानाचा आणखी एक उपयोग म्हणजे त्यावर तारीख आणि ठिकाण असतं. "गाडी भुसावळच्या बाहेर गेलीच नाही" म्हणणाऱ्याच्या गाडीवर पुणे, ठाणे, नाशिक अशी वेगाची चलानं दिसली, तर ती गाडी महामार्गावर पळालेली आहे. वहीत तारखा लिहून ठेवा.

चोरीची शंका असो वा नसो, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर वाहनाची एनओसी काढता येते. नंबर, चासी आणि इंजिन नंबर टाकला की ती गाडी चोरीच्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या वाहनांच्या यादीत आहे का ते कळतं. राज्याबाहेरच्या गाडीसाठी हे टाळू नका.

अपघाताच्या गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कोर्टातून सुपुर्दनाम्यावर (केस संपेपर्यंत सांभाळण्याच्या हमीवर) सुटलेली असू शकते. अशा गाडीवर केस संपेपर्यंत विकायची नाही अशी अट असते. विकणाऱ्याला हे सरळ विचारा आणि शेवटच्या करारात लिहून घ्या.

चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी

भेटीत पहिल्या पाच मिनिटांत हे काम उरका. चासी नंबर काही गाड्यांत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये कोरलेला असतो. कुठे ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मोबाईलने फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनीची: एमए३ मारुती सुझुकी, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा, एमएएल ह्युंदाई.

कोरलेल्या अक्षरांच्या भोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा ताजा रंग असं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. भाव कितीही उतरवून मिळाला तरी ती गाडी घ्यायची नाही. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढवलेलं असलं पाहिजे.

पीयूसी: छोटा कागद, पण वाचून बघा

पहिल्या वर्षानंतर पीयूसी नियमित काढावी लागते. बीएस-४ (धुराच्या सरकारी मानकाचा एक टप्पा) आणि त्यानंतरच्या गाड्यांना वर्षाची मुदत मिळते, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. आपल्या भागात कारसाठी बीएस-४ एप्रिल २०१७ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे २०१३-१४ ची गाडी बहुधा बीएस-३ असते आणि तिला सहा महिन्यांनी पीयूसी लागते.

मुदत बघून कागद परत देऊ नका, आकडे वाचा. डिझेल गाडीच्या पीयूसीवर धुराच्या दाटपणाचा आकडा असतो. बीएस-४ साठी मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. पेट्रोलमध्ये बीएस-४ गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. मागच्या दोन-तीन पीयूसी मिळाल्या तर आकडा वर सरकतोय का ते कळतं. डिझेलचा आकडा दरवेळी वाढत मर्यादेजवळ आला असेल, तर इंजेक्टर, टर्बो, एअर फिल्टर यांपैकी काही तरी मिस्त्रीला दाखवण्यासारखं आहे. आणि प्रत्येक पीयूसीवर आकडा दशांशापर्यंत तोच असेल, तर तपासणी खरंच झाली का याबद्दल शंका धरा. आता प्रमाणपत्रावर गाडीचा फोटो आणि क्यूआर कोड असतो. फोटोत गाडीला कॅरिअर, वेगळा रंग, वेगळा बंपर दिसतोय का तेही बघा.

मागची पीयूसी दोन वर्षांपूर्वी संपलेली असेल तर दोन वर्षं गाडी उभी होती की बिनपीयूसीची फिरत होती, हा प्रश्न विचारा. उभी असेल तर बॅटरी, टायर, ब्रेक, पेट्रोलची टाकी, एसीचे रबर यांचा खर्च धरा. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर दोन उन्हाळे उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर टिकत नाही.

विम्याची पॉलिसी नीट वाचा, ती सगळ्यात जास्त बोलते

जुन्या कारच्या कागदांत मला सर्वात उपयोगी वाटतो तो विमा, आणि लोक त्याचीच फक्त तारीख बघतात.

पॉलिसी दोन प्रकारची. नुसती थर्ड पार्टी असेल तर तिच्यातून गाडीबद्दल फारसं कळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर "एनसीबी" हा शब्द शोधा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एकदा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते.

आता वाचा. आजच्या पॉलिसीत एनसीबी २० टक्के आहे, म्हणजे मागचं एक वर्ष क्लेम नाही, पण त्याच्या आदल्या वर्षी काही तरी घडलं असण्याची शक्यता मोठी. काय घडलं ते विचारा. बंपर बदलला की समोरून ठोकली, यात लाखाचा फरक असू शकतो. मालकाला त्याच्या विमा कंपनीकडून किंवा एजंटाकडून मागच्या क्लेमची माहिती मिळू शकते. फोन तुमच्यासमोर लावायला सांगा. सर्व्हेअरच्या अहवालात कोणते भाग बदलले त्याची यादी असते.

एनसीबी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही सूट मालकाची असते, गाडीची नाही. माणसाने जुनी गाडी विकून आपली ५० टक्के सूट या गाडीवर आणली असेल, तर त्या ५० टक्क्यांवरून या गाडीचा आधीचा इतिहास कळत नाही. म्हणून मालकाने गाडी कधी घेतली ती तारीख शेजारी लिहा. दुसरं म्हणजे शून्य एनसीबी नेहमी क्लेममुळेच होते असं नाही. विमा संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तरी ती जाते.

हा खंडही आपल्या कामाचा आहे. संपलेला फुल इन्शुरन्स पुन्हा काढताना विमा कंपनी सहसा गाडीची पाहणी करते. चारी बाजूंचे फोटो, चासी नंबर, काचा, आधीपासूनचे डेंट आणि मीटरचा फोटोसुद्धा त्यात असतो. पाचोऱ्याजवळच्या एका सौद्यात मी सोबत होतो. मीटरवर ८६ हजार होते. गाडी स्वच्छ होती, सीट कव्हर नवी होती, बोलणी जवळपास ठरली होती. मालकाच्या मोबाईलमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या अशा पाहणीचे फोटो होते, ते आम्ही चाळत बसलो. त्यातल्या एका फोटोत मीटरवर १ लाख ४१ हजार दिसत होते. मालकाचा त्यात दोष नव्हता. त्याने ती तशाच अवस्थेत एका दलालाकडून घेतली होती, आणि पाहणी त्याच्या आधीच्या मालकाच्या वेळची होती. फोटो पॉलिसीसोबत त्याच्याकडे आले होते. त्याने ते कधी उघडून पाहिले नव्हते.

सर्व्हिसचा इतिहास आणि वहीचं पान

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा किंवा चासी नंबर दिला की मागच्या सर्व्हिसच्या नोंदी त्यांच्या संगणकात दिसतात: तारीख, किलोमीटर, काय काम केलं. बहुतेक ठिकाणी अनोळखी माणसाला त्या देत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणून मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याच्या नोंदलेल्या मोबाईलवरून मागवायला सांगा. "देऊ नंतर" म्हणत दिवस काढत असेल, तर सौदाही नंतरच करा.

पानावर हे कसं दिसतं ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा २०१२ ची डिझेल हॅचबॅक आहे, मीटरवर ९२ हजार. सर्व्हिस सेंटरमधून कळलं: मार्च २०१४, ४१ हजार. ऑगस्ट २०१५, ७० हजार. जानेवारी २०१७, ९८ हजार. त्यानंतर अधिकृत नोंद नाही. म्हणजे २०१७ मध्येच गाडी आजच्या मीटरच्या पुढे होती. गाडी वर्षाला वीस हजारांच्या आसपास चालायची, त्या हिशोबाने आज ती दोन लाखांच्या पुढे असणार. मीटर फिरवलेलं आहे, हे सांगायला मिस्त्रीची गरज नाही, वहीचं पान पुरे.

इतकं उघड चित्र नेहमी मिळत नाही. बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांनंतर गाडी गावातल्या गॅरेजला जायला लागते आणि नोंदी थांबतात. त्यात गैर काही नाही, आपण सगळे तेच करतो. अशा वेळी दुसऱ्या खुणा गोळा करा. इंजिनच्या खोलीत ऑइल बदलल्याची चिठ्ठी असते. टायमिंग बेल्ट बदलल्याचं स्टिकर असतं. बॅटरीच्या वॉरंटी कार्डवर तारीख असते. टायर आणि अलाइनमेंटच्या पावत्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेल्या असतात, त्यावर दुकानदाराने किलोमीटर लिहिलेले असतात. मालक ज्या गॅरेजला जातो त्याचं नाव विचारा आणि तिथे जाऊन दहा मिनिटं बसा. गॅरेजवाला गाडी ओळखतो. "घ्यावी का?" असं न विचारता "मागच्या वर्षी काय काम केलं?" असं विचारा, खरं उत्तर लवकर मिळतं.

डिझेलला अजून एक तपासणी करून घ्या. चांगल्या स्कॅनरने इंजिनच्या संगणकातले एरर कोड वाचता येतात, आणि काही मॉडेलमध्ये एबीएस किंवा एअरबॅगच्या युनिटमध्ये किलोमीटरची वेगळी नोंद राहते. मीटर फिरवणारा दरवेळी तिथपर्यंत पोहोचत नाही. स्कॅनिंगला फार खर्च येत नाही. स्कॅनच्या आधी एरर कोड पुसले असतील तर थोडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

सर्व्हिस सेंटरला गेलातच तर रिकॉलचंही विचारा. कंपन्या सदोष भाग मोफत बदलून देतात, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की पत्र पहिल्याच्या पत्त्यावर जातं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमुळे होंडाने भारतातही जुन्या गाड्या परत बोलावल्या होत्या. असा भाग बदलायचा राहिला असेल तर तो जीवाचा प्रश्न आहे. चासी नंबर दिला की काम झालं की बाकी आहे ते कळतं.

टॅक्सीत चाललेली गाडी

टी परमिटची (टॅक्सी म्हणून नोंदलेली) गाडी खासगीत चढवून विकणं कायदेशीर आहे, फक्त ते लपवू नये. टॅक्सीला मात्र खरी सरकारी तपासणी असते: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. म्हणजे लपवलं नाही तर अशा गाडीचा इतिहास खासगीपेक्षा जास्त मिळतो. जुने फिटनेस सर्टिफिकेट मागा. एखाद्या वर्षी फिटनेस उशिरा झालेलं असेल तर त्या काळात गाडी कुठे होती ते विचारा.

लपवलं असेल तर खुणा शोधा. स्पीड गव्हर्नरची काढलेली वायरिंग, नंबर प्लेटच्या मागे पिवळ्या रंगाचा ठिपका, टपावर कॅरिअरची भोकं, मागच्या सीटचा बसलेला फोम. चोपडा, यावल, शहादा, तळोदा या पट्ट्यात वडापला चाललेल्या गाड्यांना मागचे पाटे आणि शॉकअब्सॉर्बर जास्त थकलेले असतात. ड्रायव्हरपेक्षा मागच्या प्रवाशांच्या दाराची बिजागरी जास्त झिजलेली असेल तर कारण उघड आहे.

गॅस किट असेल तर

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. टेस्टची तारीख टाकीवर किंवा तिच्या पट्टीवर असते, प्रमाणपत्र वेगळं. हीसुद्धा गाडीच्या तपासणीची नोंद आहे, वहीत लिहा. किट आरसीवर चढलेलं नसेल तर विम्याचा क्लेम अडतो. विकणारा "चढवून घ्या नंतर" म्हणाला तर ते काम त्याच्याकडूनच आधी करून घ्या.

पाण्यात बुडालेली आणि बाहेरून आलेली

२०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस आपल्या चाळीसगावातही तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात. अशा काळात आणि अशा भागातून मालक बदललेली गाडी असेल तर जास्त कान टवकारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या भागात गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळाचे स्क्रू, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती बघा. आपल्याकडची काळी माती चाकाच्या खोबणीत असणं स्वाभाविक आहे, पण डॅशबोर्डच्या आत ती असायचं कारण नाही.

राज्याबाहेरची गाडी इथे कायम वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं तुमच्या डोक्यावर येतं. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे २०१५ पासूनच्या आदेशांमुळे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. भाव ठरवण्याआधी इथल्या आरटीओत कर किती बसेल ते विचारून घ्या. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

आता गाडी, आणि वहीशी ताळा

एवढं झाल्यावर मिस्त्रीला घेऊन गाडीकडे जा. चालवून बघण्याआधी विमा चालू आहे का ते पुन्हा पाहा. संपलेला असेल तर रस्त्यावर चाक फिरवू नका.

कागद जे सांगतात ते गाडीवर दिसतं का, हा आजचा प्रश्न. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ४० हजार चाललेल्या गाडीला तिसरा टायर संच असेल तर ताळा बसत नाही. काचांवर कंपनीचा शिक्का असतो. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि एक वेगळी असेल तर ती फुटली होती. सीट बेल्टच्या खालच्या टोकाला कापडी पट्टीवर उत्पादनाची तारीख असते. २०१३ च्या गाडीत २०१७ चा बेल्ट सापडला, तर २०१७ नंतर काही तरी मोठं घडलं होतं, आणि विम्याच्या कागदात त्याच सुमाराला एनसीबी शून्य झाली असेल तर दोन्ही पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. दारांच्या आणि बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा, पुढच्या ॲप्रनवरची वेल्डिंग, हे मिस्त्री बघेल.

एप्रिल-मे मध्ये घेत असाल तर दुपारी दोन-तीनला जा. भुसावळ-जळगावच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास एसी लावून चालवली की कूलिंगचा दोष असेल तर तो समोर येतो. सकाळी सातला तीच गाडी ठणठणीत वाटते. इंजिन थंड असतानाही एकदा सुरू करून पाहा. तुम्ही पोहोचण्याआधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

पंधराव्या वर्षाच्या काठावरची गाडी

तेरा-चौदा वर्षांची गाडी फार स्वस्त मिळते, कारण रिपासिंग तोंडावर असतं. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यावी लागते आणि पाच वर्षांची वाढ मिळते. केंद्राची फी कारला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वरून. शिवाय पर्यावरण कर, नसेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, दिवे-ब्रेक-टायरची दुरुस्ती. हे सगळं किमतीतून वजा करून भाव सांगा.

रिपासिंग झालेली गाडी असेल तर निदान एकदा तरी निरीक्षकाने ती पाहिली आहे. पण ती तपासणी चासी नंबर, ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर अशा रस्त्यावरच्या सुरक्षेची असते. इंजिन अजून किती चालेल, गिअरबॉक्स कसा आहे, हे त्यात येत नाही. "आताच पास झाली" म्हणून मिस्त्रीची फी वाचवू नका.

सौदा आणि नंतरचे पंधरा दिवस

कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय इसारापलीकडे रक्कम देऊ नका, आणि आरसीवरचा बोजा उतरलाय याची खात्री पोर्टलवर करा. डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते बघायला मागा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेताना रकाने भरलेले असू द्या, कोऱ्या फॉर्मवर सही देऊ-घेऊ नका. करारनाम्यात गाडीचं मीटर, वहीतली शेवटची खात्रीची नोंद, "कोणतीही केस, चलान, बोजा नाही" हे वाक्य, आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहा. वेळ महत्त्वाची आहे. त्या दिवशी सकाळी काही घडलं असेल तर ते कुणाच्या अंगावर, हे त्यावरून ठरतं.

मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. जुन्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. आरसी नावावर झाली की वाहन पोर्टलवर तुमचा मोबाईल नंबर नोंदलाय का ते तपासा. जुना नंबर राहिला तर चलानाचे आणि पीयूसीचे संदेश आधीच्या मालकाला जात राहतात. आणि ती वही गाडीच्या कागदांसोबत ठेवा; पहिल्या ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर त्याच पानावर, खालच्या ओळीत लिहा.